जिभेवरचा वंशवृक्ष

जयसिंगपुरात सल्ल्यांची टंचाई कधीच नव्हती. एखाद्या घरी बाळंतीण आली की मागच्या-पुढच्या गल्ल्यांतून सल्ले यायला लागतात, आणि त्यातले बरेचसे शेवटी माझ्या दवाखान्यात येऊन आदळतात. मी मुलांची डॉक्टर आहे. पण खरं सांगायचं तर मुलांवर उपचार करण्यापेक्षा त्यांच्या आज्यांशी वाद घालण्यातच माझं आयुष्य गेलं.

त्रिशला मगदूम माझ्यासमोर बसली आणि बाळाचं वजन वगैरे व्हायच्या आधीच म्हणाली, "डॉक्टर, मला डब्यातल्या पावडरचं नाव लिहून द्या. मी आजपासून पाजणं बंद करणार आहे."

ही पुण्यात हवामानाचे नकाशे बनवणारी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मांडीवर सुव्रता, महिन्याभराची. शेजारी तिची आई राजमतीआक्का चौगुले. नवरा सन्मती बाहेर बाकावर बसला होता, कारण आक्कांनी त्याला आत येऊ दिलं नव्हतं.

"तिचं काय ऐकू नका डॉक्टर," आक्का म्हणाल्या. "दुकतंय म्हनती. दुकनारच की. मी हिला अडीच वर्सं पाजली. तोंडातनं कधी ब्र काडला न्हाई."

त्रिशलानं डोळे मिटून घेतले. "हे मी दिवसातून चारदा ऐकते," ती मला म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "आईनं अडीच वर्षं पाजलं आणि मला एक महिना होत नाही. नसेल माझ्यात तेवढी ताकद. मान्य आहे मला. आता तरी सोडवा."

मी पावडरचं नाव लिहिलं नाही. "सुरुवातीपासून दुखतंय?" असं विचारलं.

नव्हतं. पहिले दिवस छान गेले होते. सिझेरियनची जखम चिघळली, त्यासाठी जोरकस अँटिबायोटिक्स घ्यावी लागली आणि त्यानंतर हे सुरू झालं. बाळ तोंडात घेताना आग आणि पिऊन झाल्यावरही कितीतरी वेळ आत सुया टोचल्यासारखी कळ, थेट पाठीपर्यंत. एका डॉक्टरांनी बाळाला धरायची पद्धत चुकते म्हणून सांगितलं होतं. तिनं सगळ्या पद्धती करून पाहिल्या होत्या. बाळही आता चार घोट घेऊन तोंड सोडायचं आणि रडायचं.

मी सुव्रताच्या ओठांना बोट लावलं. तिनं जांभई दिली आणि मला हवं ते दिसलं. जिभेवर पांढरा थर होता, पण त्याचं मला काही वाटलं नाही. नुसत्या दुधाचाही असतो. गालांच्या आतल्या बाजूला मात्र फाटलेल्या दुधासारखे पांढरे ठिपके होते. मी ओल्या गॉजनं ते हलकेच पुसले. दूध असतं तर निघालं असतं. हे निघेना, आणि एका जागी निघालं तिथं खाली लालभडक कातडी दिसली. लंगोटाच्या जागी पुरळ होतं, कडेला सुटे सुटे लाल ठिपके. मग त्रिशलाला तपासलं. स्तनाग्रांची कातडी चकचकीत गुलाबी झाली होती आणि तिथं बारीक कोंडा सुटत होता.

"तुझ्यात ताकद कमी नाही," मी म्हणाले. "तुला आणि हिला, दोघींना बुरशीचा संसर्ग झालाय. एकच संसर्ग. ती तुला देते, तू तिला परत देतेस. ह्या अशा दुखण्यात इतके दिवस पाजलंस, हेच नवल आहे."

त्रिशला माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तिनं ते पुसलं नाही. आपल्या दुखण्याला नाव आहे एवढं कळल्यावरही माणूस असं रडतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय आणि अजून सवय झालेली नाही.

पूर्वी इथंच थांबता आलं असतं. एक मलम, एक जेल, घरी जा. पण गेल्या काही वर्षांत ह्या बुरशीचे काही वंश जुन्या औषधांना दाद देईनासे झाले, आणि कुठला वंश आहे हे कळल्याशिवाय औषध देणं म्हणजे अंधारात दगड मारणं होऊन बसलं. म्हणून सरकारनं आम्हाला 'काजवा' दिला. त्याचं खरं नाव लांबलचक आहे. हे नाव आमच्या नर्सबाईंनी ठेवलं आणि तेच जिल्हाभर चालू झालं.

दिसायला काजवा साध्या टॉर्चसारखा. एखाद्या वस्तूवर प्रकाश टाकला की तो बहुतेक जसाच्या तसा परत येतो. पण त्यातला अगदी किंचित भाग रंग बदलून येतो. किती बदलतो हे त्या वस्तूतल्या रेणूंवर ठरतं. ह्याला रामन परिणाम म्हणतात आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. काजवा तो किंचित बदललेला उजेड टिपतो आणि ह्या रेणूंची पेशी कुठली, हे ओळखून तिला पडद्यावर रंग देतो. कापणं नाही, टोचणं नाही.

मी खोलीतला दिवा मालवला आणि काजवा सुव्रताच्या तोंडाजवळ धरला.

भिंतीलगतच्या फिरत्या पडद्यावर अंधार होता. मग त्यात हिरवे ठिपके उगवू लागले. आधी थोडे, मग दाट, मग गालाच्या आतली सगळी बाजू भरून गेली. मी चित्र मोठं केलं. काही पेशी गोल होत्या, आणि काहींना लांब धागे फुटून ते कातडीत शिरत होते. बघता बघता एका पेशीला कोंब आला. हे मी आता शेकडो वेळा पाहिलंय, तरी दर वेळी नव्यानं बघते. एवढ्याशा तोंडात एवढं सगळं चाललेलं असतं आणि बाहेरून नुसती जांभई दिसते.

राजमतीआक्का खुर्चीवरून उठल्या होत्या. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"ह्ये समदे जिवंत हायत?"

"हो."

त्यांनी हात जोडले. जैन घरातल्या ह्या बाईंनी जन्मभर पाणी गाळून प्यायलं होतं, गाळलेल्या फडक्यातले जीव परत विहिरीत सोडले होते, दिवस मावळल्यावर कधी घास घेतला नव्हता. "शास्त्रात ऐकलं हुतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एका शरीरात अनंत जीव ऱ्हात्यात म्हनून. महाराज सांगायचे, आमी मान हालवायचो. दिसत्याल असं काय वाटलं न्हवतं." मग त्यांनी विचारलं, "औशद घातलं की मरनार व्हय?"

वाद घालायची माझी सवय त्या क्षणी कुठं गेली कोण जाणे. "बरेच मरतील," मी म्हणाले. "काही राहतील, आणि राहायलाच हवेत. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या तोंडात ते जन्मभर गुण्यागोविंदानं असतात. त्यांच्या शेजारी जीवाणू असतात, ते ह्यांना हातपाय पसरू देत नाहीत. त्रिशलाच्या अँटिबायोटिक्सनं ते शेजारी गेले. गल्ली ओस पडली, मग एकच बिऱ्हाड सगळ्या अंगणांत पसरलं."

आक्कांनी मान डोलावली. लेकीची कळ आणि ते जीव, दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "पोरीचं दुकनं थांबायला पायजे," त्या शेवटी म्हणाल्या. "घाला औशद."

मग मी बाळाचं तोंड कशानं पुसता हे विचारलं. जुन्या धोतराचं मऊ फडकं, त्या म्हणाल्या, त्याच फडक्यानं आईलाही पुसायचं. रोज धुतात, गार पाण्यात. आणि वाळत? आतल्या खोलीत, दाराच्या मागं. सोयरातल्या बाळंतिणीचे कपडे चारचौघांच्या नजरेला पडू द्यायचे नाहीत, म्हणून. पुढं सोयर फिटलं तरी फडकी दारामागंच राहिली होती. ओल, ऊब आणि अंधार. बुरशीला ह्याहून आवडती जागा शोधून सापडायची नाही.

"आजपासून उकळत्या पाण्यात धुवायची आणि गच्चीवर उन्हात वाळत घालायची. बघू दे गल्लीला."

"बघंनात," आक्का म्हणाल्या, आणि मला त्या एकदम आवडल्या.

राहिलं वंशाचं. काजव्याच्या बुडाशी एक खाच आहे. त्यात बोळ्यावरचा नमुना ठेवला की तो पेशींमधला डीएनए अक्षर-अक्षर वाचतो. पेशी दुभंगताना ही अक्षरं उतरवली जातात, आणि उतरवताना कधीतरी एखादं चुकतं. ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांकडे जाते. कांदा-लसणाच्या चटणीसारखंच आहे हे. आईकडून लेकीकडं जाताना प्रत्येक घरात एखादा जिन्नस बदलतो, आणि चाखणारीला बरोबर कळतं, ही चटणी कुणाच्या घरची. दोन वंशांत किती अक्षरांचा फरक पडला, ह्यावरून ते एकमेकांपासून केव्हा वेगळे झाले हेही काढता येतं.

घरातला एकजण सुटला तरी संसर्ग परत येतो, म्हणून सगळ्यांचे नमुने घ्यायचे अशी पद्धत आहे. बाळ, त्रिशला, आक्का. सन्मतीलाही आत बोलावून तोंड उघडायला लावलं. मग तो पुन्हा बाहेर बाकावर गेला आणि आम्ही तासभर थांबलो.

निकाल आला. औषध ठरलं, साधंच, जुनं. मी चिठ्ठी लिहिली: बाळाच्या तोंडात जेल, आईला मलम, दोघींना एकाच वेळी, आणि पाजणं चालू. पडद्यावर निकालाच्या खाली वंशवृक्षाचं चित्र होतं. ते मी बघितलं आणि पडदा आपल्याकडे वळवून घेतला.

"त्रिशला, औषधापुरतं मी सांगितलं. बुरशी कुणाकडून कुणाकडं आली, हे ऐकायचंच असं काही नाही. ते तुझं तू ठरव. हवं तर तुला एकटीला सांगते."

"नकाशा आहे आणि बघायचा नाही?" ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडावर हसू दिसलं असावं. "दाखवा. आईपासून काय लपवायचंय?"

मी पडदा फिरवला. बाळाच्या तोंडात दोन वंश होते. पहिली फांदी सरळ होती: राजमतीआक्कांपासून त्रिशलाकडे, त्रिशलापासून सुव्रताकडे. दुसरी फांदीही त्रिशलापासून सुव्रताकडे आली होती. पण त्रिशलाच्या वरती ती कुणालाच जोडलेली नव्हती. सन्मतीशी तिचा संबंध नव्हता. आणि अक्षरांचा हिशेब सांगत होता की हा दुसरा वंश त्रिशलाच्या अंगावर जवळजवळ तिच्या वयाइतकाच जुना आहे.

"म्हणजे मी तान्ही असताना कुणाकडून तरी आला?" त्रिशलानं विचारलं.

"तसं दिसतं. आज नमुने घेतलेल्यांपैकी कुणाकडून नाही. सारखे पापे घेणारी एखादी आत्या होती का तुला?"

मी गमतीत बोलले होते. पण राजमतीआक्कांकडे पाहिलं आणि माझी गंमत तोंडातल्या तोंडात राहिली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"आत्या न्हाई," त्या म्हणाल्या. "जैतुन."

त्रिशलाला कळलं नाही. "जैतुनचाची? आपली शेजारची? गाद्यावाली?"

आक्का पडद्याकडे बघत बोलत होत्या, आमच्याकडे नाही. "तू झालीस, पयले पंधरा-वीस दिस बरे गेले. मग ह्येच. अशीच आग, अशाच सुया. तुझं तोंड असंच पांढरं. तू प्यायला लागलीस की मी तोंडात पदर कोंबायची. तुझी आजी म्हनाली, हिचं दूधच नासलंय, पोरीच्या तोंडात फाटतंय बगा. डॉक्टरला दाखवायचं कुनाच्या मनात बी आलं न्हाई. नासल्या दुधाला डॉक्टर काय करनार? तू वाळत चाललीस. जैतुनचा यासीन तवा तिच्या अंगावर हुता. मागच्या भिंतीवरनं मी तुला तिच्याकडं द्यायची. ती पाजून परत द्यायची. वरीसभर."

"आजीला माहीत होतं?"

"असंल. तिनं कधी इचारलं न्हाई, मी कधी सांगितलं न्हाई. आमच्या घरात, त्यांच्या हातचं पानी न चालनाऱ्या घरात, हे कुनी बोललं असतं व्हय? मग लोक म्हनायला लागले, पोरगी कशी गुटगुटीत झाली, आईनं चांगलं पाजलं. मी म्हनलं, व्हय, पाजलं. पुढं अडीच वर्सं झाली त्याची."

मी पडद्यावरच्या त्या दुसऱ्या फांदीकडे बघत होते. तीस वर्षांपूर्वी एका भिंतीवरून एक मूल दिलं-घेतलं गेलं, कुणी त्याची वाच्यता केली नाही, आणि टाचणीच्या माथ्यावर हजारांनी मावतील असल्या जीवांनी ते पिढ्यान् पिढ्या उतरवत आजवर आणून ठेवलं होतं. त्यांना ना घर ठाऊक, ना धर्म. कुणी कुणाला जवळ घेतलं एवढंच त्यांच्याकडं राहिलं होतं.

त्रिशला उठली. "मग मला का रोज ऐकवलंस? मी रात्र रात्र रडते, आणि तू म्हणतेस, मी ब्र काढला नाही. तुला माहीत होतं, आई, कसं दुखतं ते. जगात तुला एकटीला माहीत होतं."

"व्हय."

"मग?"

"माझ्याच्यानं झालं न्हाई ते तुझ्याच्यानं व्हावं म्हनून," आक्का म्हणाल्या. "मला वाटायचं, माझं दूध वाईट हुतं ते तुझ्यात उतरलं. आनि तू सोडलंस की समद्यांना ते कळनार."

त्रिशला बाळाला घेऊन बाहेर गेली. चहा घेऊन आलेला सन्मती दारात भांबावून उभा राहिला. मी त्याच्या हातात चिठ्ठी दिली आणि औषधांच्या दुकानाकडे पिटाळलं. ती मलम लावेल की पावडरचा डबा आणेल, हे त्या दिवशी मला सांगता आलं नसतं. जाताना तिनं आईकडे पाहिलंही नाही.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा तिघी होत्या. तिसरी, पांढऱ्या ओढणीतली वाकलेली बाई, दारातच थांबून मला नीट न्याहाळत होती. पिंजलेल्या कापसाचे बारीक तंतू अजून तिच्या बाहीला चिकटलेले होते. जैतुनबी नदाफ.

"कळलं व्हय तुमच्या दिव्याला?" ती म्हणाली. "मला तर आदीपास्नं ठावं हाय."

त्रिशला हसली. मी तिच्याकडे पाहिलं, आणि तिनं न विचारताच सांगितलं. घरी गेल्यावर ती मागच्या दारी जाऊन भिंतीपाशी उभी राहिली होती. तिच्या लग्नातली गादी जैतुनचाचीनं स्वतः पिंजून भरली होती आणि त्रिशला सासरी निघताना चाची घरच्यांपेक्षा जास्त रडली होती. तेव्हा त्रिशलाला वाटलं, म्हातारी हळवी आहे. आता तिनं भिंतीवरून हाक मारली आणि चाची लगेच आली.

"मी तिला विचारलं, तुम्ही मला कधीच का सांगितलं नाही?"

"तिच्या आईनं सांगायला पायजे हुतं ते," जैतुनबी म्हणाली. "मी कशी सांगनार? पर आमच्यात दुधाचं नातं रक्तासारकंच असतं, डॉक्टर. यासीनला मी लहानपनीच सांगितलंय, तिशला तुझी भैन हाय, दुधाची. तो हिच्या लग्नात आहेर घेऊन आला तो भाऊ म्हनून आला. हिला ठावं न्हवतं, त्याला हुतं."

मी तिचा नमुना घेतला. घ्यायची तशी गरज नव्हती, पण तिलाच हवा होता. "बगू तर," म्हणाली, आणि उरलेले चार दात दाखवत आऽ केलं.

निकालाची वेळ होत आली तेव्हा सुव्रता भुकेली झाली. त्रिशला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली आणि तिनं तिला जवळ घेतलं. मी त्रिशलाच्या पायांच्या बोटांकडे बघत होते. गेल्या वेळी निकालाची वाट बघताना तिनं पाजलं, तेव्हा ती आवळली गेली होती. ह्या वेळी ती सैल राहिली. बाळाच्या गिळण्याचा आवाज येत होता, एका लयीत, मध्ये न थांबता. त्रिशलाच्या तोंडावरून काहीतरी उतरत गेलं. "दुखत नाही," ती म्हणाली, कुणाला असं नाही. "थोडी आग आहे. पण दुखत नाही."

पडदा उजळला. दुसरी फांदी वर सरकली आणि जैतुनबीच्या नमुन्याला जाऊन मिळाली. आता चित्र पुरं झालं होतं. वरती दोघी बायका, एका भिंतीच्या दोन बाजूंच्या. दोघींच्या फांद्या त्रिशलापाशी एकत्र येत होत्या आणि तिथून दोन्ही जोडीनं त्या पिणाऱ्या बाळाच्या जिभेवर उतरत होत्या. जैतुनबीनं पडद्यावरच्या आपल्या फांदीला बोट लावलं. "ही मी?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. तिनं ते बोट आपल्या ओठांना लावलं.

राजमतीआक्का दाराजवळ उभ्या होत्या. लेक त्यांच्याशी बोलायला लागली होती, पण मोजकंच, हे मला दिसत होतं. त्या माझ्याजवळ आल्या. पडद्यावरची पहिली फांदी त्यांची होती, ती त्यांनी पाहिली होती. पण त्यांना विचारायचं होतं ते दुसरंच होतं. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला वाकून ऐकावं लागलं.

"डॉक्टर, म्हंजे माझं दूध नासलं न्हवतं?"

"नाही, आक्का. नासलं नव्हतं. दूध कधीच नासत नाही अंगात. तुम्हाला हाच आजार झाला होता, हिच्यासारखाच. चांगलं होतं तुमचं दूध."

आक्कांनी मान खाली घातली. एका हातानं त्यांनी पदर छातीशी घट्ट धरला होता. जैतुनबीनं बाकावर सरकून जागा केली, तरी त्या बसल्या नाहीत.

कोपऱ्यातून त्रिशला आईकडे बघत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आई," ती म्हणाली, "इकडं ये. हिचं डोकं जरा धर. माझा हात अवघडलाय."

आक्का गेल्या. लेकीच्या खुर्चीपाशी खाली बसल्या, आणि दोन्ही हातांनी त्यांनी ते पिणारं इवलंसं डोकं धरलं.